बीई प्रोजेक्ट

बीई प्रोजेक्ट : अभियांत्रिकी पदवीच्या (बीई) चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांच्या गटाने एक प्रश्न हाती घेऊन त्यावर उपकरण, प्रणाली किंवा चाचणी उभी करण्याचे वर्षभराचे काम. ही नोंद मुख्यतः नवी मुंबई आणि ठाण्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रथेपुरती आहे. अभ्यासक्रमात याचे नाव ‘मेजर प्रोजेक्ट’. पहिला भाग सातव्या सत्रात, दुसरा आठव्यात. मुलांच्या तोंडी मात्र ‘बीई प्रोजेक्ट’च. साधारण तीन-चार जणांचा गट, एक गाइड म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, सुरुवातीला सिनॉप्सिस म्हणजे कामाचा थोडक्यात आराखडा, मधे प्रगती तपासणारे रिव्ह्यू आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, असा त्याचा क्रम असतो.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 साली महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. नेरुळची रामराव आदिक संस्था त्याच वर्षीची. आज ती अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. पुढे ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, बेलापूर, खारघर, नवीन पनवेल आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर महाविद्यालये उभी राहिली. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कळवा-डोंबिवलीकडच्या मुलांना कुर्ल्याचा वळसा न घालता नवी मुंबईतले कॉलेज गाठता येऊ लागले.

पहिली तीन वर्षे बहुतेकांची सबमिशन, टर्म वर्क (सत्रभराच्या कामाचे गुण), डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) आणि केटी (नापास होऊन मागे राहिलेले विषय) यांतच जातात. प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, तेच उतरवले जाते. प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा उत्तर कोणालाच माहीत नसते, गाइडलाही नसते. म्हणून विषयाची निवड फार महत्त्वाची. चेहरा ओळखून हजेरी घेणे, कचरापेटी भरल्याचा इशारा, रेषेवरून चालणारी गाडी हे विषय दरवर्षी फिरून येतात, कारण मागच्या बॅचचा कोड हाताशी असतो. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानेही आहेत. तो घेणारा मुलगा पैशांपेक्षा जास्त काही गमावतो. चार वर्षांत स्वतःचा प्रश्न विचारण्याची मिळणारी ही एकच मोठी संधी तो विकून टाकतो.

आणि इथे प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास कंपनीने नवी मुंबई खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवली. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी साठून राहावे, म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. भरती चढली की दारे मिटतात, नाल्यांचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. आता अनेक तलाव गाळाने उथळ झाले आहेत, त्यांत कांदळवन वाढले आहे, आणि ते तोडून गाळ काढायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तेव्हा मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की तलावात किती जागा उरते, हा प्रश्न सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या तिन्ही शाखांना पुरून उरेल एवढा मोठा आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पाण्याची पातळी मोजायला मुले बहुधा एचसी-एसआर04 हा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतात. तो 40 किलोहर्ट्झचा आवाज पाण्यावर सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येते. लॅबमध्ये बादलीवर आकडे अगदी बरोबर येतात. तलावाच्या काठावर लावला की सकाळपासून दुपारपर्यंत आकड्यांत पाणी हळूहळू चढताना दिसते, पण प्रत्यक्षात पाणी काठावर रंगाने ओढलेल्या खुणेपासून हललेले नसते. गट आधी वायर तपासतो, मग कोड, मग एकमेकांना बोल लावतो. खरे कारण हवेत असते. 20 अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, 30 अंशांना सुमारे 349. हवा तापली की प्रतिध्वनी लवकर परततो, आणि जुनाच वेग धरून हिशोब करणाऱ्या कोडला पाणी जवळ आल्यासारखे वाटते. दोन मीटर अंतरावर ही चूक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाते. शेजारी तापमानाचा सेन्सर जोडून सूत्रात दुरुस्ती केली की आलेखातली पातळीची रेघ सपाट होते. तेवढा एक आलेख स्वतःच्या हाताने सपाट करणाऱ्या मुलीला संशोधन म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

सुट्या भागांसाठी आजही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची फेरी होते. ऑनलाइन सगळे मिळते, पण रिव्ह्यू उद्यावर असताना जळालेला रेग्युलेटर तिथेच हाती लागतो. मेकॅनिकलवाल्यांचा आधार ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीचा. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या गाळ्यांत शाफ्ट वळवून मिळतो, पत्रा कापून मिळतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला नसेल तर टर्नर काम हातात घेण्याआधी विचारतो, “बेअरिंग ठोकून बसवायचंय की हाताने निघायला हवं?” या एका प्रश्नात ‘फिट्स अँड टॉलरन्सेस’चे अख्खे प्रकरण येते. अशा कारागिरांचे नाव आभारांच्या पानावर क्वचितच दिसते. ते असायला हवे.

अहवालाला मुंबई विद्यापीठाच्या परिसरात ‘ब्लॅक बुक’ म्हणतात : काळे कडक बांधणीचे पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरे. गटात बोलणे मराठी-हिंदीत चालते, लिहिणे मात्र इंग्रजीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, मराठी माध्यमातली मुले यंत्र उघडण्यात तरबेज असतात आणि व्हायवाला गप्प बसतात. चांगला गाइड अशा मुलाला आधी मराठीत सगळे समजावून सांगायला लावतो, मग इंग्रजीकडे वळतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आहे, पण ब्लॅक बुक अजून इंग्रजीच आहे.

आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आणि 2017 पासून होणारी स्मार्ट इंडिया हॅकेथॉन यांमुळे काही प्रोजेक्ट कॉलेजबाहेर पोहोचतात. पैसे भरले की काहीही छापणाऱ्या संशोधन-नियतकालिकांत पेपर देण्याची घाईही होते. त्यातून गुण मिळाले तरी काम तपासून मिळत नाही.

सातव्या सत्रातच प्लेसमेंट सुरू होत असल्याने गटातले दोघे तरी चाचण्या आणि मुलाखतींत अडकतात आणि काम उरलेल्यांवर पडते. म्हणून दर आठवड्याची नोंद गाइडच्या सहीने लॉगबुकमध्ये करायची असते. व्हायवा संपला की मॉडेल सोडवून सेन्सर ज्युनियरांकडे जातात, ब्लॅक बुक विभागाच्या कपाटात जाते आणि लॉगबुक बहुधा रद्दीत. कोणत्या दिवशी आकडे चुकले आणि का चुकले, हे फक्त त्या वहीत लिहिलेले असते. ती वही कपाटात राहिली, तर पुढच्या गटाला धारण तलावाच्या काठावर पुन्हा वायरपासून सुरुवात करावी लागणार नाही.