अबादी रिव्हॉल्व्हर, गोमंतकातील

अबादी रिव्हॉल्व्हर : पोर्तुगीज लष्कराचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे सहाबारी हातशस्त्र. बेल्जियममधील लिएज येथील सोलेय या कारखानदाराने ते पुरविले. कॅलिबर ९.१ मिमी. नमुने दोन : १८७८ चा अधिकाऱ्यांसाठी (नळी सु. ११३ मिमी, वजन सु. ७५० ग्रॅ.) आणि १८८६ चा शिपायांसाठी (नळी सु. १४२ मिमी, वजन सु. ८३५ ग्रॅ.). नळीची लांबी सिलिंडरच्या पुढच्या तोंडापासून मोजावी. बहुतेक चुकीच्या नोंदी याच मोजमापातून निघतात.

‘अबादी’ या नावाने काही सूचीकार संपूर्ण शस्त्र दाखवतात, तर काही केवळ काडतूस भरण्याच्या उजवीकडील गेटची (छोट्या झडपेची) रचना. हे गेट उघडले की घोडा चापापासून सुटतो. मग चाप ओढताच सिलिंडर एकेक घर फिरते, पण बार उडत नाही. हीच रचना १८८२ च्या स्विस व १८९२ च्या फ्रेंच रिव्हॉल्व्हरांतही आहे. त्यामुळे दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की गेटवरून एखादे शस्त्र ‘पोर्तुगीज अबादी’ ठरत नाही. लिएजमध्ये बाजारासाठी बनलेल्या खासगी रिव्हॉल्व्हरांनाही असे गेट असे.

कालनिर्णय परीक्षा-छापांवरून (शस्त्र दाबाच्या चाचणीत उतरल्यावर केंद्राने ठोकलेल्या खुणांवरून) करतात. अंडाकृतीत ‘ईएलजी’ ही अक्षरे व खाली तारा हा लिएजच्या परीक्षाकेंद्राचा छाप. त्यावर मुकुट आला तो जुलै १८९३ पासून. म्हणून मुकुट नसलेले सिलिंडर साधारणपणे त्यापूर्वीचे धरावे, मुकुट असलेले नंतरचे किंवा नंतर बदललेले. निरीक्षकाच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, पुढे तारा. १८७८ च्या नमुन्यावर ताराच अपेक्षित आहे. अंडाकृतीवरील मुकुट बेल्जियन केंद्राचा, पोर्तुगीज राजाचा नव्हे. ही गल्लत फार आढळते आणि तिच्यापायी साध्या बाजारी शस्त्राला ‘राजमुद्रेचे’ म्हणून भाव लावला जातो. छाप भिंगातून, बाजूने तिरपा उजेड टाकून वाचावेत. अक्षरांच्या कडा गोल झालेल्या आणि स्क्रूभोवतीचा पत्रा बशीसारखा दबलेला दिसला, तर शस्त्र घासून त्यावर पुन्हा निळसर गंजरोधक थर चढवला आहे असे समजावे.

गोव्याशी संबंध जोडताना १८९५ चे बंड हमखास पुढे केले जाते. मोझांबिकला जाण्यास मराठा शिपायांनी नकार दिला, सत्तरीचे राणे त्यांना मिळाले आणि इन्फांत (राजपुत्र) दों आफोंसो, पोर्तुगीज राजाचा भाऊ, पोर्तुगालहून फौज घेऊन आला. त्या काळी अधिकाऱ्यांचे नेमून दिलेले शस्त्र अबादीच होते, हे खरे. पण एवढ्यावरून अमुक रिव्हॉल्व्हर त्या मोहिमेतले ठरत नाही. मुठीवर कोरलेली आद्याक्षरे असतील तर ‘बोलेतीं ऑफिसियाल’मधील नेमणुका व बढत्यांशी ताडून पाहावीत. हे राजपत्र १८३७ पासूनचे आहे. पणजीचे पुराभिलेखागार (स्थापना १५९५) हा पुढचा टप्पा. घरात आलेल्या शस्त्रासाठी मात्र सर्वांत उपयोगी पडते ती वाटणीच्या वेळची न्यायालयीन ‘इन्व्हेंटरी’ : तीत जंगम वस्तू किमतीसह नोंदवीत. कागद नसेल तर तोंडी हकिगतीला किंमत देऊ नये.

मूल्य ठरते ते मूळ पॉलिश, एकमेकांशी जुळणारे भागांचे क्रमांक आणि वारसाकागद यांवर. गंजाचे डाग असलेले पण न घासलेले शस्त्र चकचकीत केलेल्यापेक्षा वरचे. पॉलिश पेपरने पुसलेला छाप परत येत नाही. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवल्यास चामड्यातील क्षार पावसाळ्यात लोखंड खातात व नळीवर म्यानाच्या आकाराचे खड्डे पडतात. म्यान वेगळे ठेवावे. खोबरेल लावू नये; ते घट्ट होऊन घोडा अडकतो. सुती हातमोजे, पातळ खनिज तेल आणि बंद पेटीत सिलिका जेल एवढे पुरते. जेल ओले झाले की तापवून सुकवावे.

९.१ मिमीची काडतुसे आता सहजी मिळत नाहीत, म्हणून जवळपासच्या मापाची घालून पाहण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो : हे सिलिंडर काळ्या दारूच्या (जुन्या बंदुकीच्या दारूच्या) कमी दाबासाठी घडवलेले आहे.

काडतूस नाही म्हणून परवान्यातून सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ४५ जुन्या शस्त्राला वगळते ते दुरुस्तीनेही चालू न होणारे असेल तरच, आणि अबादी सहसा दुरुस्त होते. वारशाने हाती आलेले असे शस्त्र नजीकच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. त्यात रिव्हॉल्व्हरही मोजले जाते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाखाली येते व खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे लिस्बनच्या लिलावातले भाव इथल्या मालाला लावणे चूक आहे.