अंतराळतळाची भिंत किती जाड असावी?

जानेवारीतली रात्र, साडेबारा वाजलेले. ऐरोलीला बहिणीकडे मुक्काम होता. भाचा हेडफोन लावून स्क्रीनसमोर बसला होता. खेळ 'ईव्ह ऑनलाइन', आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, 2003 पासून चालू असलेला. जगभरचे खेळाडू त्यात एकाच अंतराळात लढतात, स्वतःचे तळ बांधतात, दुसऱ्यांचे पाडतात.

"मामा, ते अडीचशे आहेत, आम्ही पंचवीस."

"मग तळाची भिंत जाड का नाही करत?"

त्याने विजेचं जुनं बिल उलटं केलं आणि पेन हातात दिलं. तिथून पुढे आम्ही दोघंही झोपलो नाही.

समजा, तळाची ताकद 1 कोटी एकक आणि एक जहाज सेकंदाला 500 एककं फोडतं. दहा मित्रांना तळ पाडायला 2,000 सेकंद लागतील, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं जास्त. हजार जहाजांना लागतील फक्त 20 सेकंद. आता भिंत दहापट जाड करा. हजारांचं काम तरीही सव्वातीन मिनिटांत उरकतं, पण त्या दहा मित्रांना साडेपाच तास गोळ्या झाडत बसावं लागतं. जाड भिंतीचा जाच होतो तो लहान गटालाच.

म्हणून या खेळात तळाला दर सेकंदाला किती इजा होऊ शकते यावरच मर्यादा घातली आहे. आमच्या हिशेबात ती 25,000 धरली, तर पन्नास जहाजं आली काय आणि हजार आली काय, 400 सेकंद लागणारच. मला हा उपाय फार आवडला. भिंतीला हात न लावता गर्दीचा फायदा काढून घेतलाय.

पण हे झालं तळाचं. बाहेर पडून लढणाऱ्या पंचवीस जणांचं काय? ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने 1916 साली याचं गणित मांडलं. लांबून मारा करणाऱ्या दोन फौजांत प्रत्येकाला कुणावरही नेम धरता येत असेल, तर संख्येचा वर्ग मोजायचा. 250 चा वर्ग 62,500, 25 चा 625. वजाबाकीचं वर्गमूळ जवळजवळ 249. म्हणजे पंचवीसच्या पंचवीस जहाजं गेली तरी शत्रूचं एखाददुसरंच पडतं. बरोबरी करायची तर प्रत्येक जहाज शंभरपट सरस हवं.

1660 मध्ये बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली तिथे हा वर्गाचा नियम चालत नव्हता. अरुंद वाटेत पुढच्या मोजक्यांनाच हत्यार चालवता येतं, मागची गर्दी नुसती उभी राहते. शिवाय बाजींना तिथे फौज संपवायची नव्हती, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ हवा होता. अंतराळात खिंड नाही. पण वेळ देता येतो, आणि ईव्हचे डिझायनर नेमकं तेच करतात. तळ टप्प्याटप्प्याने पडतो. एक टप्पा फुटला की टायमर सुरू होतो, तो संपेपर्यंत तळाला कुणी हात लावू शकत नाही. पुढचा टप्पा मालकाने निवडलेल्या वेळेच्या आसपास उघडतो. उघडल्यावरही हल्लेखोरांनी मारा थांबवला, तर पंधरा मिनिटांत तळ स्वतःला दुरुस्त करून घेतो.

यातली खरी अडचण आहे पृथ्वीच्या फिरण्याची. भाच्याच्या गटाने रात्री नऊची वेळ निवडली होती. तेव्हा जर्मनीत दुपारचे साडेचार आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा. शत्रूची निम्मी माणसं ऑफिसात! बचावाला एवढी मोकळीक दिली तर वेढा घालायला कुणी येणारच नाही, आणि काढून घेतली तर ऐरोलीतल्या पोरांनी पहाटे उठून तळ राखायचा. माझा कौल बचावाच्या बाजूने आहे. महिनोन्‌महिने खपून बांधलेली गोष्ट झोपेत जाऊ नये.

गर्दी फारच झाली की सर्व्हर त्या भागातला काळच मंद करतो, अगदी एक दशांशापर्यंत. तिथला एक मिनिट म्हणजे आपली दहा मिनिटं. बाहेरची कुमक मात्र नेहमीच्या वेगाने येत राहते. जानेवारी 2014 मधली, खेळातल्या बी-आर5आरबी नावाच्या भागातली लढाई अशीच सुमारे 21 तास चालली आणि टायटन जातीची 75 महाकाय जहाजं त्यात नष्ट झाली.

दीडच्या सुमाराला भाच्याच्या तळाची ढाल, म्हणजे पहिला टप्पा, पडली. त्याने टायमर पाहिला, मोबाइलवर गजर लावला आणि गटातल्या बाकीच्यांना निरोप टाकला: रात्री नऊ, जेवून या.