अपघातातील दुखापतीचा दावा: चूक कोणाची, पैसे कोणी द्यायचे?

रस्ता अपघातात जखमी झालेल्याला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. अर्ज अपघाताच्या जागी, स्वतः राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. उपचार संपायची वाट पाहू नका. पुढची बिले मागाहून जोडता येतात.

समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा अर्जदाराने दाखवायचा असतो. त्यासाठी फौजदारी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही, अधिक शक्य काय एवढेच पाहतात. सगळ्यात जास्त वजन घटनास्थळ पंचनाम्याला: ब्रेकच्या खुणा किती लांब, काचा कुठे पडल्या, वाहने रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबली. म्हणून त्याची नक्कल लगेच मिळवून नकाशासकट वाचा. तुमची दुचाकी चुकीच्या बाजूला दाखवली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी हरकत देऊन पोच घ्या, प्रत्यक्षदर्शीचे नाव कळवा. वर्षभराने साक्षीत सांगितलेली दुरुस्ती सहसा टिकत नाही.

तुमचीही 30 टक्के चूक धरली, तर 10 लाखांचे 7 लाख होतात. मात्र लायसन्स नव्हते किंवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून टक्के कापता येत नाहीत. त्यामुळेच अपघात झाला हे दाखवावे लागते. दोन वाहनांच्या धडकेत जखमी झालेल्या निर्दोष प्रवाशाला पूर्ण रक्कम कोणत्याही एका दोषी बाजूकडून मागता येते. पण तो बसलेल्या खाजगी गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे गाडीबाहेरच्यांच्या नुकसानीपुरती असेल, तर त्या विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. अशा वेळी दुसऱ्या वाहनाच्या चालकाला, मालकाला आणि विमा कंपनीलाही प्रतिवादी करायला विसरू नका. चालकाकडे लायसन्स नसले, तरी कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो.

सोबत एफआयआर, पंचनामा, पहिल्या रुग्णालयातली एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून केलेली वैद्यकीय) नोंद, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, आरसी, पॉलिसी, उत्पन्नाचा पुरावा आणि अपंगत्व प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजे कमाईतले नुकसान नव्हे. उजव्या हाताची बोटे गेलेल्या सुताराचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते. डॉक्टरांची साक्ष घ्याच.

चूक सिद्ध न करता कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की 166 चा दावा संपतो. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीला 50,000 रुपयांसाठी प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा.