लपणारं पुरळ आणि धगीचा उपाय

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचं पाणी चोळतात. गांधी तासा-दोन तासांत विरतात, मागे खूणही उरत नाही आणि रात्री पुन्हा भलतीकडेच उठतात. हा लपंडाव चिनी वैद्यांनी रोगाच्या नावातच पकडला: 'यिनझेन', म्हणजे लपलेलं पुरळ. 'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हे नाव येतं.

इ. स. ६१० मध्ये चाओ युआनफांग या चिनी वैद्यांनी रोगांच्या कारणांवर ग्रंथ रचला. त्यात या पुरळाचे लाल आणि पांढरं असे दोन प्रकार आहेत. लाल उष्म्याने चिघळतं. पांढरं पावसाळी, गार हवेत उसळतं. ऊन पडलं किंवा जाड कपडे घातले की मावळतं. थंडीने गांधी उठणाऱ्या कुणालाही हे वर्णन आजही तंतोतंत पटेल. कारण त्यांनी 'वारा' हे दिलं. आपल्या माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातही शीतपित्ताची, म्हणजे याच पुरळाची, सुरुवात गार वाऱ्याच्या स्पर्शापासूनच होते, हे साम्य मला फार मोलाचं वाटतं.

चिनी उपचार म्हटलं की आज ॲक्युपंक्चरची सुईच आठवते, पण जुन्या नोंदींत धग ठळक आहे. इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेली चीनमधली मावांगदुईची कबर १९७३ मध्ये उघडली. तिथे सापडलेल्या नाड्यांवरच्या (म्हणजे शरीरातल्या वाहिन्यांवरच्या) लेखनात फक्त डाग देण्याचा उल्लेख आहे, सुईचा नाही. असा डाग देण्यासाठी वापरतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. तिची पानं वाळवून, कुटून, चाळून कापसासारखा भुगा करायचा, त्याचा छोटा शंकू वळून कातडीवर ठेवायचा आणि पेटवायचा. सातव्या शतकात वैद्य सुन सिमियाओंनी अंगभर किडे चावल्यासारखी खाज सुटणाऱ्या पुरळावर कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाशी असलेला 'छूची' बिंदू सांगितला. तिथे किती शंकू जाळायचे? रोग्याच्या वयाइतके. तिशीतल्या माणसाला तीस! कातडी भाजायची, व्रण राहायचे. आल्याच्या चकतीवर शंकू ठेवणं किंवा पेटती कांडी कातडीपासून दूर धरणं, या सौम्य रीती त्यामानाने नंतरच्या.

१८२२ मध्ये चिनी दरबाराच्या वैद्यशाळेतून सुई हद्दपार झाली. १९५०च्या दशकात सरकारी पाठबळाने ती परतली. भारतात ती येण्याचा धागा एका सोलापूरकराच्या सोबत्यापर्यंत जातो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच डॉ. बिजयकुमार बसूही. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजवलं.

२०२३ मध्ये चीनमधल्या ३३० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सुयांनी जुनाट पित्त थोडं कमी झालं, पण उपचाराचा नुसता आभास देणाऱ्या खोट्या सुयांच्या तुलनेत हा फरक रुग्णाला ठळकपणे जाणवावा इतका मोठा नव्हता. या चाचणीत तपासली गेली ती सुई. सुन सिमियाओंनी सांगितलेली धग त्यात नव्हती.