तेलातली कालवं आणि मावशीची बरणी

मावशी रत्नागिरीहून नाशिकला आली ती डब्यात बर्फ घालून कालवं घेऊन, अर्धी त्याच रात्री संपली, उरलेली तिने पाणी आटेपर्यंत तव्यावर परतली, लसूण-लाल मिरची घालून गोडेतेलात बुडवली आणि बरणी निघाली खिडकीत ठेवायला. म्हणे, कैरीचं लोणचं वर्षभर राहतं मग हे का नाही राहणार?

तर लोणचं टिकतं ते मिठाने आणि आंबटपणाने, तेल वर नुसतं झाकण घालतं, हवा बंद म्हणून बुरशी धरत नाही एवढंच. पण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीत असतात, समुद्राच्या गाळात असतात, म्हणजे लसणावरही आले आणि कालवांवरही. ते साध्या उकळीला दाद देत नाहीत, डबाबंद मासे करणारे दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापवतात ते त्यासाठीच, आणि आपलं नाशिक पडलं साधारण 600 मीटर उंचीवर, इथे पाणीच 98 च्या आसपास उकळतं. तव्यावर बाकीचे जंतू मेले, हे उरले, वरून आपणच तेल ओतून हवा बंद केली, आत कालवं ओलसर आणि बिनआंबट. आयती सोय झाली की त्यांची!

1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला एका हॉटेलात फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना बॉट्युलिझम (याच जंतूच्या विषाने होणारा आजार) झाला होता. हे विष नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचूच देत नाही, पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, पुढे श्वास अडकतो. आणि बरणीला वास येईलच असं नाही, म्हणून हुंगून बघणं, चाखून बघणं बिनकामाचं. (सुरकुत्या घालवायला टोचतात ते बोटॉक्स हेच, फक्त अगदी कणभर.)

स्पेनमध्ये शिंपल्यांचे डबे मिळतात त्यात तेलाबरोबर व्हिनेगर असतं, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली गेला की हा जंतू वाढत नाही. पण घरी दोन चमचे व्हिनेगर शिंपडून कालवाच्या आतपर्यंत आंबट पोचलं की नाही ते कळणार कसं? आणि फ्रिजवरही फार भिस्त नको, याची समुद्राकडची एक जात 3-4 अंशांतही हळूहळू वाढते. म्हणून तीन दिवस, फार तर चार, बास.

हे सगळं ऐकून मावशी म्हणाली, "तुझं शिक्षण जेवू देत नाही बाई," पण बरणी फ्रिजात गेली. सकाळी तेल गढूळ, दाटसर झालेलं, ते खराब नव्हे हां, गारठलेलं, बाहेर काढलं की थोड्या वेळात पुन्हा नितळ. मिरचीचा रंग आणि तिखट दोन्ही तेलात उतरतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवसापेक्षा भारी, चखणा म्हणून तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी बरणीत नुसतं तेल उरलं, ते मावशीने गरम भातावर घेतलं.