वन समिती आणि वनहक्काची समिती: पैशाचा निर्णय नक्की कोण घेतं?

'वन समितीने जंगल संवर्धनासाठी निधी मंजूर केला' असं कुणी लिहिलं की माझा पहिला प्रश्न, कुठल्या वन समितीने? कारण गडचिरोली-गोंदियाकडे एकाच गावात एकाच जंगलासाठी दोन-दोन समित्या असतात, दोन्हीत गावातलेच लोक, दोन्हीत पगार-बिगार काही नाही, बऱ्याचदा चार-पाच चेहरे पण तेच, आणि मग पेपरवाले, सीएसआरवाले (कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा वाटणारे), अगदी ट्रेनिंग द्यायला येणारे पण बिनधास्त दोघींची खिचडी करतात.

पहिली संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे जेएफएम, वनखातं आणि गाव मिळून जंगल सांभाळायला. ही सगळ्यांच्या ओळखीची. १९९० चं केंद्राचं परिपत्रक, त्यावर राज्याचे जीआर, संत तुकाराम वनग्राम योजनेची बक्षिसं, रस्त्याकडेचा तो रंग उडालेला बोर्ड. पुढे चला.

दुसरी सामूहिक वनहक्काची व्यवस्थापन समिती, जंगल सांभाळायचा हक्क अख्ख्या गावाला मिळाल्यावरची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियम ४ खाली ग्रामसभा आपल्यातूनच ही नेमते. (नियम ३ वाली 'वनहक्क समिती' वेगळी, तिचं काम दावे तपासायचं, जंगल सांभाळायचं नाही. आणि जैवविविधता समिती तर तिसऱ्याच कायद्यातली, तिला यात आणूच नका.) एक जीआरवर उभी, दुसरी संसदेच्या कायद्यावर, हा फरक कुणीही सांगतो, पाठच असतो.

लोक गंडतात ते पुढच्या गोष्टीत. 'दोन्हीकडे गावकरीच ठरवतात ना, मग फरक काय?' फरक हाच की जेएफएममध्ये गावकरी बसतात, बोलतात, ठरावावर सह्या करतात, पण सचिव वनखात्याचा माणूस, बहुतेक ठिकाणी वनपाल नाहीतर वनरक्षक, आणि बँक खातं अध्यक्ष आणि या सचिवाच्या जोडसहीनं चालतं. सूक्ष्म आराखडा गावाचा म्हणतात खरा, पण तो खात्याच्या कार्य आयोजनेत (जंगलाचा खात्याचा स्वतःचा आराखडा) बसावा लागतो आणि पैसा येतो तो योजनेचं हेड, म्हणजे कुठल्या कामाचा ते ठरवून घेऊनच. पाणी अडवायच्या चराचा पैसा चरालाच. गावाला त्या वर्षी रायमुनिया (घाणेरी, जंगलात माजणारं तण) उपटायची असली तरी नाही म्हणजे नाही. म्हणजे समिती निधी 'मंजूर' करत नाही, आधी ठरलेल्या कामाला संमती देते.

आता वनहक्काच्या बाजूला उलटी चूक होते. इथे खात्याचा सचिव नाही, सगळे गावचेच, म्हणून लोक म्हणतात की ही समिती मालक. अजिबात नाही! मालक ग्रामसभा. समितीनं आराखडा करायचा, कामं करून घ्यायची, पण वाहतूक परवाना देणं असो, वनोपज विकून आलेला पैसा कुठे लावायचा ते असो की आराखड्यात बदल, समितीच्या त्या प्रत्येक निर्णयाला ग्रामसभेची मान्यता लागते, नियमात स्पष्ट लिहिलंय. आणि ग्रामसभा म्हणजे दहा टाळकी नव्हे, निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. खात्याच्या आराखड्याशी मेळ घालायचाय? तो पण समितीला गरज वाटेल ते बदल करून. सात जणांनी दुपारी बसून लाखाचं काम वाटून टाकलं तर ते वनहक्काच्या नावाखाली जुनंच जेएफएम झालं, फक्त गार्डसाहेब नाहीत एवढंच. हे सांगितलं की समितीवाल्या भाऊंना राग येतो, येऊ दे.

आणि ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत पण नाही बरं का. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव हक्क मिळाला तेव्हा लेखा ग्रामपंचायतीत होतं, म्हणून मेंढा (लेखा), पण जंगलाचे निर्णय मेंढ्याच्या ग्रामसभेचे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडलं, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. तेव्हा कुठे बांबू विकून ग्रामसभेच्या खात्यात स्वतःचा पैसा आला. तिथे मतदान नाही, सगळे हो म्हणेपर्यंत चर्चा. वेळ खातं, पण मला तेच पसंत.

कारण चर्चेचा दर्जाच बदलतो. आगीचंच घ्या. योजनेत जाळरेषेचे (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा) पैसे असतात, दरवर्षी तीच रेषा, तेच बिल. ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला माहिती असतं की मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तिथूनच आग पसरते. मग वाद असा होतो की जाळरेषेवर पैसे कशाला, मोहाखालचा पाला झाडून काढायची मजुरी द्या, आणि ती कुणाला, ज्यांची झाडं त्यांना की सगळ्यांना, आणि मग एखादी आजी विचारते की पाला आम्ही फुकटच झाडतो, मजुरी कशाची? अशी भांडणं जेएफएमच्या बैठकीत होत नाहीत, कारण तिथे भांडून हेड बदलत नाही.

जेएफएम टाकाऊ आहे असं नाही, चांगला वनपाल असला तर कामं होतात, बदली झाली की थंड. माझा आक्षेप सीएसआरवाल्यांवर जास्त आहे. ते रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मागतात, ते जेएफएमकडे असतं कारण तिची नोंद उपवनसंरक्षकांकडे झालेली, मग पैसा तिकडे, आणि जंगलावर हक्क असलेली ग्रामसभा कोरडीच. पैसे द्यायचेत ना, मग सर्टिफिकेट राहू द्या, सामूहिक हक्काचं अधिकारपत्र आणि कोरम असलेल्या ग्रामसभेचा ठराव मागा, पासबुक उघडून खातं कुणाच्या नावावर आणि सह्या कुणाच्या ते बघा. सह्यांत वनपाल असला तर ते खातं ग्रामसभेचं नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. आणि ज्या गावात हक्क मिळून वर्षं झाली तरी जुन्या समितीचं खातं चालूच आहे, तिथल्या ग्रामसभेनं आधी त्या खात्यातल्या शिल्लकीचा हिशोब लेखी मागवावा.