शिडाच्या बोटीवर एआयएस रिसीव्हर: घेताना, जोडताना, वापरताना

दुकानात येणारे बरेच ग्राहक पहिला प्रश्न हाच करतात: "मोबाईलवर जहाजं फुकट दिसतात की, मग हा डबा कशाला?"

हा डबा म्हणजे एआयएस (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम) रिसीव्हर: जहाजे रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगतात, ते ऐकून पडद्यावर दाखवायला देणारा संच. मोबाईलवर दिसते ते किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी रिसीव्हरने ऐकलेले आणि सर्व्हर फिरून तुमच्यापर्यंत आलेले असते. बऱ्याचदा ते काही मिनिटे शिळे असते. मुरगावहून बाहेर पडून मोबाईलची रेंज गेली की चित्र जागच्या जागी थिजते, आणि तुम्हाला वाटते जहाज अजून तिथेच आहे. १५ नॉटने येणारे जहाज ४ मिनिटांत एक सागरी मैल कापते. रिसीव्हरला इंटरनेट लागत नाही. जहाज १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर स्वतःचा ठावठिकाणा, वेग, दिशा सांगत असते, ते तो थेट हवेतून ऐकतो. चालते मोठे जहाज दर २ ते १० सेकंदांनी बोलते, नांगरलेले दर ३ मिनिटांनी. छोट्या बोटींचा साधा, 'क्लास बी' म्हणतात तो संच बहुधा ३० सेकंदांनी.

"नुसता नंबर दिसतो, नाव येत नाही, डबा खराब आहे" असा फोन आठवड्यातून एक तरी येतो. डबा ठीक असतो. नाव, लांबी, पुढचे बंदर ही माहिती जहाज ६ मिनिटांतून एकदाच पाठवते, त्यामुळे जरा थांबा. तोवर तो नऊ आकडी नंबर (एमएमएसआय, जहाजाचा रेडिओ ओळखक्रमांक) ४१९ ने सुरू होत असेल तर जहाज भारतीय, एवढे तरी कळते.

खरी डोकेदुखी लॅपटॉपवर सुरू होते. जहाजे नकाशावर दाखवणारे ओपनसीपीएन हे चार्ट सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगले आहे आणि आम्ही तेच बसवून देतो. रिसीव्हर यूएसबीने जोडला की विंडोज त्याला एक कॉम पोर्ट नंबर देते. ओपनसीपीएनच्या कनेक्शन्समध्ये तोच नंबर आणि डेटाचा वेग (बॉड रेट) ३८४०० द्यायचा. साधा जीपीएस ४८०० वर चालतो. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की पडद्यावर काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी केबल दुसऱ्या सॉकेटात घातली की पोर्टचा नंबर बदलू शकतो, आणि काल चाललेले आज बंद. म्हणून ठरलेल्या सॉकेटला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो, हेही लक्षात असू द्या. मागे दुसरे चार्ट सॉफ्टवेअर उघडे राहिले असेल तर ओपनसीपीएन उपाशीच राहणार.

आणखी एक गंमत. केबल लावून लॅपटॉप सुरू केला की कधीकधी माऊसचा बाण वेड्यासारखा पडद्यावर पळतो, आपोआप खिडक्या उघडतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आम्ही अर्धा दिवस व्हायरस शोधत बसलो होतो. विंडोज येणाऱ्या डेटाला जुन्या पद्धतीचा सिरियल माऊस समजते, एवढेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत 'सिरियल बॉलपॉइंट' दिसेल. ते डिसेबल करा. अनइन्स्टॉल केले तर ते पुन्हा उगवते.

काही सुचेना झाले की ओपनसीपीएनमधली येणारा डेटा जसाच्या तसा दाखवणारी खिडकी उघडा. आवृत्तीप्रमाणे तिचे नाव डीबग विंडो किंवा डेटा मॉनिटर असते. उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या 'एआयव्हीडीएम'च्या ओळी सरकत असतील तर रिसीव्हर, केबल, पोर्ट सगळे ठीक आहे. डॉलरच्या चिन्हाच्या ओळी जीपीएसच्या. त्या नसतील तर जहाजे दिसतील, पण सॉफ्टवेअरला तुमची बोट कुठे आहे हे ठाऊक नसल्याने ती किती जवळून आणि किती वेळाने जातील हा हिशेब होणार नाही, आणि धोक्याचा गजरही वाजणार नाही. रिसीव्हर घेण्याचे निम्मे कारण तर तो गजरच. उघड्या समुद्रात आम्ही तो एक मैल आणि २० मिनिटांवर लावून देतो, म्हणजे जहाज येत्या २० मिनिटांत एक मैलाच्या आतून जाणार असेल तर वाजतो. मुरगावच्या नांगरतळाजवळ तो कमी करा, नाहीतर कान किटतील.

अँटेना जितकी उंच तितके बरे. १२ मीटर डोलकाठीच्या टोकावरून ३० मीटर उंच अँटेनाचे जहाज साधारण १९-२० सागरी मैलांवरून ऐकू येते. व्हीएचएफची (बोटीवरच्या बोलायच्या रेडिओची) अँटेना वाटून घ्यायची असेल तर एआयएससाठी बनवलेला स्प्लिटरच (एक अँटेना दोन यंत्रांना वाटून देणारा डबा) घ्या. टीव्हीचा स्वस्त स्प्लिटर लावून व्हीएचएफवर बोललात की २५ वॅट थेट रिसीव्हरच्या पोटात जातात. जहाजे अचानक कमी दिसू लागली तर आधी डोलकाठीवरचा पीएल-२५९ कनेक्टर उघडून पाहा. एका पावसाळ्यात खारी हवा आत शिरून तांबे हिरवे पडते. मग एलईडी दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून जहाजे वाढतात का ते मोजा. स्वस्त एलईडी व्हीएचएफ लहरींत गोंगाट करतात. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल सूचनाच काढली होती.

आता जे दिसत नाही त्याबद्दल. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या ३०० ग्रॉस टनेज व त्यावरील जहाजांना एआयएस सक्तीचे आहे. रापणकाराची होडी, आऊटबोर्डवाली फायबरची बोट, जाळ्याचा तरंगता थर्माकोल यांपैकी काहीच पडद्यावर येणार नाही. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की बेतूलपासून शापोऱ्यापर्यंत रात्री यांचीच गर्दी. शिवाय रिसीव्हर फक्त ऐकतो, त्यामुळे मोठ्या जहाजाला तुम्ही दिसत नाही. त्यासाठी स्वतःचा ठावठिकाणाही पाठवणारा संच, म्हणजे ट्रान्सपाँडर, आणि त्याला एमएमएसआय नंबर व परवाना लागतो. रात्री लांब जाणाऱ्यांना आम्ही रिसीव्हर विकण्याऐवजी हेच सुचवतो, गल्ल्याचे नुकसान झाले तरी.

वीज रिसीव्हर फारशी खात नाही, लॅपटॉप खातो. ६० वॅटचा लॅपटॉप १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरायची म्हटले तर १० तासांत संपली. रात्रभराच्या सफरीला रास्पबेरी पाय हा कमी वीज खाणारा चिमुकला संगणक बरा.

जोडणीसाठी बोटीवर बोलावताना लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि विंडोजचा ॲडमिन पासवर्ड जवळ ठेवा. पासवर्ड मुलाला माहीत आणि मुलगा पुण्याला, असे झाले की आमची फेरी फुकट जाते.